सहा अँटेनांचा राउटर आणि माझी गेलेली ऑर्डर



वर्कशॉप संपलं आणि चहा आला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, घरून काम सुरू करतोय, चांगला राउटर कुठला घेऊ? लिंक टाका ना." मी लिंक टाकत नाही. काहींना वाटतं सर भाव खातायत. तसं नाही हो. राउटर निवडताना मी स्वतः आपटलोय, आणि ते आपटणं कुठल्या लिंकने चुकलं नसतं. म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी माझी फजिती

आमचं सांगलीत खाली दुकान, वर घर. दुकानात झेरॉक्स, प्रिंटिंग आणि लग्नपत्रिका. नेटची लाइन एकच. खाली बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरा आणि दोन मोबाईल. वर बायकोचा लॅपटॉप, मुलाचा टॅब आणि टीव्ही. म्हणायला घरगुती नेटवर्क, पण सगळा धंदा त्याच्यावर.

काही वर्षांपूर्वी ऑनलाइन सेलमध्ये मी एक राउटर घेतला. सहा अँटेना, दिसायला उलटा पडलेला खेकडा. कंपनीचं नाव आधी कधी ऐकलं नव्हतं. पण किंमत चौदाशे रुपये, ओळखीच्या कंपनीच्या राउटरपेक्षा सातशेने कमी. म्हटलं, स्वस्तात मस्त!

दोन महिने छान गेले. मग एप्रिल आला. दुपारी तीन वाजले की राउटर गरम होऊन गप्प. प्लग काढायचा, पाच मिनिटं थांबायचं, परत लावायचा. आम्हाला त्याची सवयच झाली. ही सवय लागणं सगळ्यात वाईट, हे तेव्हा कळलं नाही.

ऐन लग्नसराईत एक पार्टी आली. चारशे पत्रिका. डिझाइन फायनल, फाइल संध्याकाळी सहाच्या आत प्रेसला पोचायला हवी, नाहीतर छपाई दोन दिवस पुढे. मुलीचे वडील समोर खुर्चीवर बसलेले. फाइल ऐंशी टक्के गेली आणि अडकली. राउटर बंद-चालू. परत सुरुवातीपासून. परत अडकली. मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं, तर स्लॅबखाली रेंज नाही. फाइल काही जाईना. गंमत म्हणजे काउंटरवरचा पैसे मिळाल्याचं सांगणारा साउंडबॉक्स मात्र मजेत बोलत होता, कारण त्यात त्याचं स्वतःचं सिम असतं. सहाला दहा कमी असताना ते गृहस्थ उठले. "राहू द्या दादा, आम्ही बघतो दुसरीकडे." आवाज चढवला नाही, भांडले नाहीत. ते भांडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या ऑर्डरमध्ये मला अडीच हजार सुटणार होते. वाचवले होते सातशे. वॉरंटीसाठी कंपनीला तीन मेल केले, एकाचंही उत्तर आलं नाही.

आता उलटी चूक

माझ्याकडे एक ताई शिकायला होत्या. घरून पैठणी-पर्स शिवण्याचे ऑनलाइन क्लास घेतात. क्लास चालू असताना व्हिडिओ अडकायचा, विद्यार्थिनी फी परत मागायला लागल्या. कुणीतरी सांगितलं, मेश सिस्टीम घ्या. त्या बारा हजारांचा सेट हप्त्यावर घ्यायला निघाल्या होत्या. धंद्याचं एकूण भांडवल तीस हजार!

मी म्हटलं, आधी व्हिडिओ कॉलवर राउटर दाखवा. राउटर होता टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, टीव्हीच्या मागे, वर देव्हाऱ्यातला पितळी घंटा-समईचा पसारा. शिवणाची खोली दोन भिंती पलीकडे. राउटर बाहेर काढून पॅसेजमध्ये उंचावर लावला, लॅपटॉपला वायर जोडली. खर्च चारशे रुपये. क्लास सुरळीत.

चौदाशेचा खेकडा आणि बारा हजारांचा मेश, दोन्ही चुका एकाच जातीच्या. आम्ही दोघंही बॉक्स बघत होतो, आपलं काम बघत नव्हतो. माझं मत स्पष्ट आहे. छोट्या धंद्याला वेगवान राउटरपेक्षा भरवशाचा राउटर लागतो, आणि तो विकत घेण्याआधी आपल्याला तो लागतो का, हे तपासायला लागतं.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लाइनच बंद असेल तर राउटर काय करील बिचारा. म्हणून पैसे खर्च करण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. नेट गेलं की वेळ लिहा आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकतोय का? असेल तर प्रकाशाचा सिग्नलच पोचत नाहीये. वायर तुटली किंवा दबली असणार. नेटवाल्याला फोन करा, राउटर बदलून उपयोग शून्य.

दुसरी, लॅपटॉप वायरने राउटरला जोडला तर नेट चालतं का? वायरवर चालतं आणि मोबाईलवर अडकतं, म्हणजे गडबड वाय-फायची. बहुतेक वेळा जागा चुकलेली असते.

तिसरी, वायरवरही चालत नाही आणि बंद-चालू केलं की चालतं. आता मात्र राउटर संशयित. खात्री करायची तर कॉम्प्युटरवरून राउटरला पिंग करा. राउटरचा पत्ता त्याच्या तळाच्या स्टिकरवर किंवा सेटिंगमध्ये मिळतो. वायरने जोडलेला असताना उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत यायला हवं. तिथेच उत्तर येणं बंद होत असेल, तर बाहेरच्या लाइनला दोष देऊ नका. आधी वायर बदलून बघा, मग तोच गुन्हेगार.

बॉक्सवर काय बघायचं?

समजा, राउटर घ्यायचाच आहे. बॉक्सवरचा मोठा आकडा फार मनावर घेऊ नका. एसी१२०० म्हणजे साधारण २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७, यांची बेरीज करून गोल केलेला आकडा. तुमचा मोबाईल साधारणपणे एका वेळी एकाच बँडवर असतो, आणि हा वेगही कागदावरचा. अँटेनांचंही तसंच. चार शिंगं असली म्हणून बैल जास्त ओढत नाही.

मी पुढच्या गोष्टी बघतो.

पोर्ट. इथे बरेच लोक फसतात. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ बघा. दोन्ही एसी१२०० वर्गातले. पण सी५०चे पोर्ट १०० एमबीपीएसचे, सी६चे गिगाबिट. तुमचा प्लॅन ५०चा असेल तर सी५० पुरतो, उगाच जास्त देऊ नका. पण २०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन १०० च्या पोर्टला जोडलात तर शंभरच्या आतच मिळणार, आणि तुम्ही दर महिन्याला उरलेल्या वेगाचे पैसे फुकट भरणार. आधी प्लॅन बघा, मग पोर्ट.

पिढी. वाय-फाय ५ वाईट नाही. पण नवीन घेताना फार फरक पडत नसेल तर वाय-फाय ६ घ्या. एकाच वेळी बरीच उपकरणं जोडलेली असताना ते जास्त नीट वाटणी करतं. दुकान, घर, कॅमेरा, टीव्ही मिळून पंधरा-वीस उपकरणं कधी होतात ते कळतही नाही. सोबत डब्ल्यूपीए३ सुरक्षाही मिळते.

अपडेट. हे कुणी विचारत नाही आणि माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. राउटर हा छोटा कॉम्प्युटरच आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याने काही जादू केली नाही, कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड तेवढे वापरून बघितले. लोकांनी ते बदललेच नव्हते. तुमचं बिलिंग, जीएसटी, बँक, सगळं याच डब्यातून जातं. म्हणून घेण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचं पान उघडा आणि शेवटचा फर्मवेअर अपडेट कधी आला ते बघा. तीन-चार वर्षांत काहीच आलं नसेल तर तो राउटर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. माझ्या खेकड्याला असं पानच नव्हतं.

वॉरंटी. किती वर्षांची, यापेक्षा कुठे मिळते ते विचारा. तालुक्याच्या ठिकाणी असाल तर गावातल्या कॉम्प्युटरवाल्याकडून घेतलेला राउटर दोनशे रुपयांनी महाग पडला तरी मला चालतो. बिघडला तर त्याच्या काउंटरवर नेऊन ठेवता येतो. आपण स्वतः दुकानदार आहोत, एवढं तरी आपल्याला कळायला हवं.

उष्णता. बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीतच तेवढं होतं, आणि आपण राउटर ठेवतो पत्र्याखाली, माळ्यावर नाहीतर कपाटात. चांगला राउटरही तिथे दम टाकणार. त्याला हवा लागते, मोकळी जागा लागते.

"पण नेटवाला फुकट देतो की!"

बरोबर आहे. आणि खरं सांगतो, एक-दोन खोल्या, चार-पाच उपकरणं, ५० चा प्लॅन एवढंच असेल आणि वहीत राउटरचा दोष निघाला नसेल, तर तोच वापरा. वाचलेल्या पैशात माल भरा. मी ट्रेनर आहे म्हणून तुम्हाला खर्च करायला लावणार नाही.

पण नवीन घेणारच असाल तर आधी नेटवाल्याला विचारा की त्याचा डबा ब्रिज मोडवर टाकून देईल का. नाही म्हणाला तरी नवीन राउटर त्या डब्याला वायरने जोडता येतो. फक्त जुन्या डब्याचं वाय-फाय बंद करा, नाहीतर दोन्ही एकमेकांच्या पायात येतात.

वर घर, खाली दुकान असेल तर काय? लोक लगेच मेशकडे धावतात. सळया भरलेल्या स्लॅबमधून सिग्नल मरतो हे खरंय. पण वायर ओढता येत असेल तर मेश म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मी वरून खाली कॅट ६ वायर ओढली आणि घरात पडून असलेला जुना राउटर खाली ॲक्सेस पॉइंट मोडवर लावला. भाड्याच्या जागेत भोक पाडू देत नसतील, तर मेशचा विचार जरूर करा.

हिशेब मांडा, मग घ्या

बीबीएला ब्रेक-इव्हन शिकवलं तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. खरं कळलं ते त्या खेकड्यामुळे. सोपं आहे. समजा दिवसाला खर्च जाऊन पंधराशे सुटतात आणि दुकान दहा तास चालतं. म्हणजे तासाला दीडशे. तीन हजारांचा राउटर म्हणजे वीस तासांची कमाई. जुन्या राउटरमुळे महिन्याला दोन तास काम ठप्प होत असेल, तर दहा महिन्यांत पैसे वसूल. महिन्याला दहाच मिनिटं जात असतील, तर दहा वर्षं लागतील. मग घेऊ नका! तुमचे आकडे तुमच्या वहीतून काढा, माझे नको.

या हिशेबात एक गोष्ट बसत नाही, ती म्हणजे "राहू द्या दादा" म्हणून उठून गेलेलं गिऱ्हाईक. ते परत आलं नाही. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं तेव्हाही नाही. पत्रिका आमच्या घरी आली, दुसरीकडे छापलेली.

आज माझ्याकडे वाय-फाय ६ चा, गिगाबिट पोर्टचा, चार महिन्यांपूर्वी अपडेट आलेला एक साधा राउटर आहे. जवळच बारा व्होल्टचा छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेली तरी नेट चालू. यूपीएस घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवून घ्या, काही राउटर नऊ व्होल्टवर चालतात. आणि दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलेला एक जुना मोबाईल दुकानाच्या दाराजवळ, जिथे रेंज येते तिथे. कारण गटारीच्या खोदकामात फायबर तुटली तर जगातला कुठलाच राउटर कामाचा नाही.

या राउटरबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. आठवड्यात एकदाही त्याच्याकडे बघावं लागत नाही. धंद्यातल्या हत्याराकडून मला एवढंच हवंय.

आता तुमचं काम. आज संध्याकाळी राउटरचा मूळ पासवर्ड बदला, गिऱ्हाइकांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं करा आणि उद्यापासून ती वही सुरू करा. आठवड्याने वही बघून तुम्हीच मला सांगा, राउटर घ्यायचा की नाही ते.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा जोरात चालू द्या!