गृहशोभा : भिंतीवरचा निळा मुलगा

जुन्या इंग्रजी व्यक्तिचित्राची हाताने रंगविलेली प्रतिकृती दिवाणखान्यासाठी घ्यावयाची असेल, तर प्रथम मूळ चित्राचे माप विचारावे. टॉमस गेन्सबरो याने १७७० च्या सुमारास रंगविलेला ‘ब्लू बॉय’ जवळजवळ सहा फूट उंच असून तो कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन संग्रहालयात आहे. त्याच्या पोशाखाची झळाळी अनेक निळ्या छटांच्या मोकळ्या फटकाऱ्यांतून साधलेली आहे. दोन फुटी कॅनव्हासवर संपूर्ण आकृती बसविली, की ते फटकारे दबून पोशाख निर्जीव दिसतो. लहान खोलीसाठी मस्तक व खांदे एवढाच भाग रंगवून घ्यावा. चित्राच्या पाठीमागे ‘गेन्सबरोच्या चित्रावरून’ असे लिहून चित्रकाराने स्वतःची सही करावी, असा आग्रह अवश्य धरावा. त्यामुळे पुढे कोणाची फसवणूक होणार नाही आणि ज्याच्या हातांनी आपले घर सजले, त्याचे नावही राहील.