चाळीतले स्पिटफायर

गिरगावातल्या किंवा लालबागमधल्या दहा बाय बाराच्या खोलीत लढाऊ विमान बांधायला घ्यायचे तर आधी घरातल्या सगळ्यांची परवानगी काढावी लागते. किटच्या खोक्यातून विमान निघत नाही. निघतात बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या, लेसरने कापलेल्या फासळ्या, थोडे प्लायवूड, तारेचे तुकडे, जवळजवळ माणसाएवढा लांब नकाशा आणि बारीक टाइपातले सूचनापत्रक. रात्रीची जेवणे उरकल्यावर अंथरुणे पडेपर्यंत जो तासभर मिळेल तेवढ्यातच हा नकाशा पसरायचा. दोन्ही पंख जोडून एकसंध केले तर ते चाळीच्या जिन्याच्या वळणावर अडणार, म्हणून ते शेवटपर्यंत सुटे ठेवायचे. आणि या सगळ्या महिन्यांत घरातून, शेजारून, गॅलरीतून एकच प्रश्न येत राहतो: ‘बाजारात तयार मिळतं ना, मग हा खटाटोप कशाला?’

प्रश्न रास्त आहे. रेडिओ-नियंत्रित विमाने आज फोमची, रंगवलेली, बॅटरी लावून लगेच उडवण्याजोगी मिळतात. सकाळी खोके उघडले की संध्याकाळी विमान हवेत. तरीही लाकडाच्या काड्यांपासून विमान उभे करणाऱ्याच्या हाताला आणि डोक्याला जे वळण लागते ते तयार खोक्यातून येत नाही. विमानांविषयी उदंड बोलणाऱ्या आपल्या समाजाला त्या वळणाची फार गरज आहे, असे आमचे मत आहे.

उदाहरणासाठी स्पिटफायर घेऊ. आर. जे. मिचेल यांनी आखलेले हे विमान ५ मार्च १९३६ रोजी पहिल्यांदा उडाले आणि पुढच्याच वर्षी मिचेल वारले. किट करणाऱ्यांचे ते आजही लाडके विमान आहे. मुंबईकराला तर त्याच्याशी थोडे नातेही सांगता येते. दुसऱ्या महायुद्धात ज्या शहरांनी आणि प्रांतांनी युद्धनिधीला देणग्या दिल्या त्यांची नावे लढाऊ स्क्वाड्रनना देण्याची पद्धत होती. रॉयल एअर फोर्सच्या १३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नाव ‘सिटी ऑफ बॉम्बे’ होते आणि ती स्पिटफायर उडवीत असे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकच्या मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, त्या वेळी मुंबईचेच नाव लावून ही विमाने ब्रिटनच्या आकाशात फिरत होती. आज गिरगावातल्या एखाद्या हौशी माणसाने आपल्या विमानावर त्या स्क्वाड्रनची ‘एफएफ’ ही अक्षरे रंगवली, तर त्यात अभिमान किती आणि उपरोध किती हे ज्याचे त्याने ठरवावे.

मूळ स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच. आठास एक या प्रमाणात केले तर साडेचार फुटांपेक्षा थोडे जास्त भरते. इथेच पहिला धडा मिळतो. लांबी आठपट कमी केली की पंखाचे क्षेत्रफळ ६४ पट कमी होते आणि घनफळ ५१२ पट. शाळेत हे गणित आपण सोडवतो आणि परीक्षेनंतर विसरतो. इथे ते विसरता येत नाही. घनफळाच्या हिशेबाने खऱ्या विमानाच्या सव्वातीन-साडेतीन टनांचे साडेसहा किलो होतात, पण एवढ्या वजनाचे प्रतिरूप उडवणे म्हणजे संकट ओढवून घेणे. ते अडीच किलोच्या आसपास राहिले पाहिजे. कारण विमान लहान करता येते, हवा आठास एक प्रमाणात मिळत नाही. लहान पंख, कमी वेग आणि तीच हवा, म्हणून प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो. जास्तीचा फेविकॉल हेही वजनच असते.

दुसरा धडा पंखाचा. स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार आहे, म्हणून अर्ध्या पंखातली एक फासळी दुसरीसारखी नसते. त्या क्रमाने लावायच्या, सपाट फळीवर नकाशा टाचायचा, त्यावर प्लास्टिकचा कागद घालायचा म्हणजे गोंद नकाशाला धरत नाही, आणि टाचण्यांनी एकेक फासळी उभी करायची. पंखाची मागची कड टोकाकडे किंचित उचलून ठेवावी लागते, त्यासाठी खाली पाचर सारतात. टोकाकडचा पंख थोडा कमी कोनात बसावा म्हणून हा खटाटोप. तो केला नाही तर उतरताना वेग कमी झाल्यावर आधी पंखाचे टोक आपला उचल सोडते, विमान एका कुशीवर कोसळते आणि तीन महिन्यांचे काम तीन सेकंदांत काड्यापेटीच्या मोलाचे होते. हा पीळ खऱ्या स्पिटफायरच्या पंखातही होता. मिचेल यांनी जे कागदावर सोडवले ते लालबागच्या खोलीत बोटांनी पुन्हा सोडवायचे असते.

मुंबईचा पावसाळा हा तिसरा मास्तर. जूनमध्ये बाल्सा ओलावा धरतो, सरळ वाटणारी तुळई गोकुळाष्टमीपर्यंत वाकते, इस्त्रीने ताणून बसवलेले आवरण सैल पडते. यात लाजण्यासारखे काही नाही, खुद्द युद्धखात्यालाही हे भोगावे लागले आहे. ब्रिटिशांचे मॉस्किटो हे बॉम्बफेकी विमान प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून बनवलेले होते. १९४४ मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवर त्यांच्या पंखांचे सांधे उकलू लागले आणि काही विमाने जमिनीवर बसवून ठेवावी लागली. उष्ण, दमट हवेवर ठपका आला. चौकशीत कारखान्यातल्या जोडकामाचे दोषही निघाले. नीट न बसलेला सांधा आणि ओली हवा, दोन्ही गुन्हेगार एकमेकांच्या आडोशाने राहतात, हे कोणत्याही सुताराला विचारा.

शेवटी येतो गुरुत्वमध्य. सर्व्हो, रिसीव्हर, बॅटरी सगळे बसल्यावर पंखाखाली दोन बोटे धरून विमान उचलायचे. पंखाच्या रुंदीच्या पुढच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागात, नकाशाने दाखवलेल्या खुणेवर, ते सपाट राहिले पाहिजे. शेपूट खाली गेले तर नाकात शिसे घालावे लागते, आणि शेपूट नाकापेक्षा लांब असल्यामुळे तिकडच्या एका ग्रॅमला इकडे दोन-तीन ग्रॅम लागतात. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या भाऊच्या धक्क्याच्या बाजूला मिळतात, कनेक्टर आणि सोल्डर लॅमिंग्टन रोडला. मुंबईत काही मिळत नाही असे नाही. पण शिसे किती हे विकत मिळत नाही. तिथे वशिला, भाषण, पूर्वजांची पुण्याई यांपैकी काहीही चालत नाही. समतोल चुकला की विमान पडते.

हे एवढ्या तपशिलाने सांगितले, कारण आपल्याकडे विमाने बहुधा तारेवर टांगलेली असतात. १९९९च्या कारगिल युद्धानंतर आणि २०२५च्या ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर गणेशोत्सवाच्या देखाव्यांत लढाऊ विमाने आली. ती करणारे हात थोर आहेत. परळ-लालबागच्या मूर्तींच्या कारखान्यांत आणि मखरांच्या कामात जे कसब आहे त्याला तोड नाही, आणि २०१८ मध्ये थर्मोकोलवर बंदी आली तेव्हा त्याच हातांनी पुठ्ठ्या-कागदाची वाट शोधली. पण टांगलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य कुठेही असला तरी चालते. त्याला पाहणाऱ्याने प्रश्न विचारायचे नसतात, हात जोडायचे असतात.

विमानांच्या गोष्टींचेही आपण तेच केले आहे. याच गिरगावात, चिराबाजारात राहणाऱ्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित विमान उडवले, ते दीड हजार फूट उंच गेले आणि खाली आले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. तळपदे संस्कृतचे अभ्यासक होते, जे. जे. कलाशाळेशी त्यांचा संबंध होता, आणि त्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या उड्डाणाचे छायाचित्र नाही, आराखडा नाही, वजनाचा आकडा नाही, त्या दिवसांतली खात्रीलायक बातमीही कोणी समोर ठेवलेली नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला अशा वेळी दिला जातो, त्याचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथ १९०४च्या आधीचा नाही आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे १८९५चे विमान त्या ग्रंथावरून बांधले हे तर कालगणनेतच बसत नाही. तरीही जानेवारी २०१५ मध्ये याच मुंबईत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्याच महिन्यात तळपद्यांवरचा ‘हवाईजादा’ पडद्यावर आला.

यावर दोन्ही बाजूंनी भांडणे झाली, ती बहुतेक अभिमान आणि टवाळी यांच्यामधली. स्पिटफायर बांधलेला माणूस वेगळे प्रश्न विचारील. वजन किती होते? पंखाचे क्षेत्रफळ किती? शक्ती कशाची आणि किती? वैमानिक नव्हता, बिनतारी नियंत्रणही तेव्हा नव्हते, मग वाऱ्याचा झोत लागल्यावर ते कशाच्या जोरावर सरळ राहिले? हे प्रश्न विचारणे म्हणजे तळपद्यांचा अपमान नव्हे, त्यांना कारागीर म्हणून मान देणे आहे.

नेमके याच सुमारास हेच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाने या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवली. अमेरिकेत सॅम्युअल लँगले यांचे वाफेच्या इंजिनावर चालणारे, माणसाविना उडणारे विमान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर एका नौकेच्या छपरावरून सोडले गेले आणि सुमारे ३,३०० फूट गेले. वजन ११ किलोच्या आसपास, पंखांची दुहेरी जोडी, वर उचललेल्या कोनात बसवलेली, म्हणून कलले तरी आपोआप सावरणारी. छायाचित्र घेतले ते टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी. त्याआधी लँगले यांची कितीतरी यंत्रे मोडली होती, आणि त्यांचीही नोंद आहे. पुढे माणूस बसेल एवढे मोठे यंत्र त्यांनी केले तेव्हा, १९०३ मध्ये, ते दोनदा नदीत पडले. प्रतिरूप मोठे केले की गणित बदलते, हा आपल्या आठास एकचाच धडा उलट्या बाजूने.

आपल्याकडे असे काम झालेच नाही असे मात्र नाही. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात ‘मरुत’ हे लढाऊ विमान उभे आहे. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये कुर्ट टँक आणि भारतीय अभियंत्यांनी ते घडवले आणि जून १९६१ मध्ये ते उडाले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९५९ मध्ये, त्यांनी विमानाच्या पूर्ण आकाराचे लाकडी ग्लायडर बांधून, दुसऱ्या विमानाने ओढत नेऊन, आकाशात सोडून पाहिले होते. जेट इंजिन बसवण्याआधी आकाराची परीक्षा लाकडात. मुलांच्या सहली त्या विमानापाशी फोटो काढून पुढे जातात. लाकडी ग्लायडरची गोष्ट त्यांना कोणी सांगितली तर बरे होईल.

आता अडचण जागेची, आणि ती खरी आहे. शिवाजी पार्कवर अडीच किलोचे लढाऊ विमान उडवू द्या असे कोणी शहाणा म्हणणार नाही. ते वेगाने उतरते, त्याची चाके एकमेकांजवळ असल्याने गवतात नाक टेकते, आणि भोवती शेकडो मुले क्रिकेट खेळत असतात. कायदाही गुंतागुंतीचा. केंद्राच्या ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनी २५ किलोपर्यंतच्या, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या प्रतिरूपांना प्रकार-प्रमाणपत्राच्या जाचातून सोडवले. मुंबईत मात्र ड्रोन, रिमोटवरची मायक्रोलाइट विमाने, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांच्यावर पोलिसांचे मनाई हुकूम वेळोवेळी निघतात आणि मुदत संपली की पुन्हा निघतात. २६ नोव्हेंबर २००८ पाहिलेल्या शहराने अशी खबरदारी घ्यावी यात गैर काही नाही. गैर आहे ते एवढेच की या मनाईला कुठे दारच ठेवलेले नाही. त्यामुळे चाळीत बांधलेले विमान एकतर भिंतीवर लटकते, किंवा पहाटे टेम्पोत घालून शहराबाहेरच्या कुठल्या तरी माळावर न्यावे लागते.

मोकळी जमीन कुठे गेली हे गिरणगावाला सांगायला नको. १९९१च्या नियमावलीतल्या ५८व्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी यायचा होता. २००१च्या दुरुस्तीने तो फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. आता महालक्ष्मीच्या रेसकोर्सची १२० एकर जमीन उद्यानासाठी महापालिकेकडे आली आहे. तिथे कारंजी होतील, सेल्फी पॉइंटही होतील. एका कोपऱ्यात हाताने सोडायच्या ग्लायडरसाठी, शाळकरी मुलांनी स्वतः बांधलेल्या हलक्या विमानांसाठी, कुंपण घालून जागा ठेवायला पोलीस आणि पालिका यांनी एकत्र बसून एक कागद करणे पुरेसे आहे. लढाऊ विमानांसाठी महानगर प्रदेशात एखादा माळ निश्चित करावा, नावनोंदणी आणि विमा सक्तीचा करावा, आठवड्याचा वार ठरवून द्यावा. एनसीसीच्या हवाई शाखेच्या छात्रांची दरवर्षी वायुसैनिक शिबिरात विमानबांधणीची स्पर्धा होते, तेव्हा सरकारला हा प्रकार अगदी अपरिचित आहे असे नव्हे.

वेळही फार लागत नाही. दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो आणि हलक्या विमानाला तो झेपत नाही. त्याआधीचे रविवार सकाळचे दोन तास पुरतात, सात ते नऊ.