यंत्र धडधाकट, पण दुभाष्या बेपत्ता

विद्यार्थी मित्रांनो, ८ जून २००४ या दिवशी तुमच्यापैकी कोणाचा जन्मही झालेला नव्हता. त्या दिवशी शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या बरोबर मधून गेला आणि सूर्यबिंबावर एक काळा ठिपका सरकताना दिसला. शुक्राचे हे अधिक्रमण आपल्याकडे सकाळी पावणेअकराच्या सुमारास सुरू झाले आणि सहा तास चालले. शाळेला उन्हाळ्याची सुटी होती, तरी तीसचाळीस मुले गच्चीवर जमली होती. दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा आम्ही पांढऱ्या कागदावर घेतली होती, आणि एका पालकांचा व्हिडिओ कॅमेरा त्या कागदाकडे तोंड करून स्टँडवर उभा केला होता. मधूनच ढग येत, मुले हळहळत, ठिपका पुन्हा दिसला की ओरडत. तासातासाच्या तीन छोट्या कॅसेट भरल्या.

पुढचे अधिक्रमण २०१२ साली झाले. त्यानंतरचे आहे थेट डिसेंबर २११७ मध्ये! म्हणजे आज तुम्हाला शुक्राचे अधिक्रमण पाहायचे तर अशा कॅसेटवरच. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी त्या तिन्ही कॅसेट संगणकात उतरवून घ्यायचे ठरवले.

कॅमेरा चालत होता. कॅसेटना बुरशी लागलेली नव्हती. कॅमेऱ्यातले चित्र संगणकात नेणारी एक डबी शाळेने २००५ साली घेतली होती, तीही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली सापडली. अंगावर एक ओरखडा नाही. तरीसुद्धा माझे चार दिवस वाया गेले आणि चौथ्या दिवशी ती डबी कायमची मुकी झाली. यात थोडी चूक माझी आहे, हे आधीच कबूल करतो. बाकीची कोणाची, याबद्दल तुमच्याशी बोलायचे आहे.

त्या डबीत एक छोटा प्रोसेसर असतो. कॅमेऱ्याकडून आलेले आकडे कसे घ्यायचे, कसे पुढे ढकलायचे, हे सांगणारी आज्ञावली डबीतल्याच एका चिपमध्ये भरलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. ना पुरते हार्डवेअर, ना पुरते सॉफ्टवेअर, म्हणून ॲशर ऑप्लर यांनी १९६७ साली हा मधला शब्द काढला. दुसरी आज्ञावली असते संगणकात. विंडोजला डबीची भाषा समजत नाही आणि डबीला विंडोजची. या दोघांमधला जो दुभाष्या, तो ड्रायव्हर.

आमच्या डबीचा दुभाष्या विंडोज एक्सपीच्या काळातला. नव्या संगणकाने तो दारातच अडवला. खूप शोधल्यावर कंपनीने पुढे केव्हातरी काढलेला नवा ड्रायव्हर मिळाला. तो म्हणाला, आधी डबीचे फर्मवेअर बदला. फर्मवेअर बदलणारा प्रोग्राम मिळाला. तो म्हणाला, मी फक्त एक्सपीवर चालतो. कपाटाची किल्ली कपाटातच राहावी, तशी गत झाली.

मग प्रयोगशाळेच्या अडगळीतून एक्सपी असलेला जुना संगणक बाहेर काढला. तुम्ही विचाराल, एक्सपी मिळाली तर कॅसेट त्याच संगणकात का नाही उतरवल्या? शंका बरोबर आहे. पण या कॅसेटवरच्या चित्राचे सेकंदाला अडीच कोटी बिट येतात, आणि त्या संगणकाची जुन्या पिढीची यूएसबी सेकंदाला फार तर एक कोटी वीस लाख बिट नेऊ शकते. चित्र नेणे तिच्या आवाक्यात नव्हते. फर्मवेअर बदलणे मात्र होते. ते काम सुरू केले. पडद्यावर सूचना आली: काम पुरे होईपर्यंत वीजपुरवठा बंद करू नका. पट्टी निम्म्याच्या पुढे सरकली आणि लाइट गेली. आमच्या गावात दुपारची लाइट जाते हे मला ठाऊक नव्हते असे नाही. माझी चूक म्हणालो ती हीच.

आता एवढ्याने डबी मेली कशी? १९७१ साली आलेल्या ईपीरॉम चिपवरचा मजकूर पुसायचा तर तिच्या डोक्यावरच्या काचेच्या खिडकीतून वीसेक मिनिटे अतिनील किरण सोडावे लागत. हल्लीच्या फ्लॅश चिपला ते लागत नाही, विजेनेच भागते. पण तिच्यातली एकेक ओळ खोडून सुधारता येत नाही. अख्खा भाग पुसायचा आणि मग नवे लिहायचे. सरांनी फळा पुसला आणि नवे गणित लिहिण्याआधीच वर्गातून निघून गेले, तर मुलांनी वहीत उतरवायचे काय? डबीचे तसेच झाले. जुन्या आज्ञा गेल्या, नव्या आल्या नाहीत. पुन्हा लाइट आल्यावर आपण कोण, कशासाठी आहोत, हेच तिला कळेना.

हे टळण्यासारखे आहे. नवे फर्मवेअर आधी मोकळ्या जागेत लिहायचे, ते नीट उतरले का तपासायचे आणि मगच जुन्याला रजा द्यायची. अनेक अँड्रॉइड फोन असेच करतात. त्यासाठी चिपमध्ये जागा जास्त लागते, इतकेच. तेवढी जागा वाचवून एवढी महागडी वस्तू लाइटच्या भरवशावर सोडायची, याला मी काटकसर म्हणणार नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ड्रायव्हर संगणकाच्या अगदी गाभ्यात बसून काम करतो. तिथे तो चुकला तर संगणकच आडवा होतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक असेच बंद पडले. भारतातल्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा गाभ्यात शिरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे, म्हणून विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्या २००७ सालच्या व्हिस्टापासून ड्रायव्हरवर डिजिटल सही मागू लागल्या, हे मला रास्तच वाटते. शिवाय ३२ बिटांसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटांवर चालत नाही, तो नव्याने करावा लागतो. वीस वर्षांपूर्वी विकलेल्या डबीसाठी पगारी माणूस कोण बसवणार? तेही मान्य.

पण मग त्या डबीची भाषा तरी सांगून टाका! माझी तक्रार आहे ती इथे. स्वतः दुभाष्या द्यायचा नाही आणि दुसऱ्या कोणाला होऊही द्यायचे नाही, ही कोणती रीत?

व्हॉयेजर-१ हे यान १९७७ साली सुटले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्या एका संगणकातली स्मृतीची चिप बिघडली आणि यानाकडून अर्थहीन आकडे येऊ लागले. यान होते सुमारे २४ अब्ज किलोमीटरवर. संदेश जायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तितकेच. अभियंत्यांनी दशकांपूर्वीची कागदपत्रे धुंडाळली, बिघडलेल्या जागेतल्या आज्ञांचे तुकडे केले, ते स्मृतीत जिथे जागा मिळेल तिथे बसवले, आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा समजेल असे बोलू लागले. कोणी हात लावू शकत नाही असे ४६ वर्षांचे यंत्र सुधारता आले, आणि माझ्या टेबलावरची, निम्म्याहून कमी वयाची डबी सुधारता आली नाही. व्हॉयेजरमागे नासा आहे, हे खरे. पण यंत्राची कागदपत्रेच हाती नसती तर नासाला तरी काय करता आले असते?

कॅमेऱ्याच्या बाजूला असलेल्या खाचेचेच पाहा. ती फायरवायरची. तिचे नियम १९९५ साली आयईईई १३९४ या नावाने छापून प्रसिद्ध झाले. ॲपलने २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये फायरवायरला निरोप दिला, पण लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर २०२९ पर्यंत सांभाळायचे ठरले आहे. नियम छापील असल्यामुळेच तिथल्या लोकांना हे करता येते. कंपनीने एखाद्या वस्तूचा ड्रायव्हर सुधारणे थांबवले की तिची अंतर्गत माहिती खुली करावी, असा कायदाच हवा, असे माझे मत आहे. तुमच्यापैकी कोणाला हे पटत नसेल तर जरूर लिहा. गुपित फुटले तर प्रतिस्पर्धी फायदा घेतील, असा युक्तिवाद केला जातो. वीस वर्षांपूर्वीच्या डबीतून कोण काय चोरणार आहे, कोण जाणे!

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. शाळेत असे एखादे उपकरण असेल तर त्याचा चालू स्थितीतला ड्रायव्हर आणि फर्मवेअर आजच दोन ठिकाणी उतरवून ठेवा, आणि यूपीएसशिवाय फर्मवेअर बदलू नका. स्नेहसंमेलनाच्या चित्रीकरणाचे संपादन निम्मे झाले असताना तर नवी आवृत्ती मुळीच घालू नका, संगणक कितीही मागे लागला तरी.

कॅसेटचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. तालुक्याच्या गावी लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एका गृहस्थांचा स्टुडिओ आहे. त्यांच्या मागच्या खोलीत फायरवायरचे कार्ड बसवलेला, एक्सपीवर चालणारा संगणक आहे. "सर, याला नेट लावलेलं नाही आणि लावणारही नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याच कम्प्युटरला अपडेट केलं होतं एकदा. ऐन लग्नसराईत आठ दिवस बसून होतो." दोन कॅसेट त्यांनी अलगद उतरवून दिल्या. तिसरीचा बराचसा भाग मात्र नुसत्या रंगीत चौकटींचा निघाला. चुंबकीय फीत इतकी वर्षे टिकली हेच पुष्कळ. शुक्र सूर्यबिंबाच्या कडेतून बाहेर पडतो तो क्षण त्याच कॅसेटवर होता. चित्र फुटले आहे, पण मुलांचा आवाज ऐकू येतो.