दुसरा खर्डा

शीर्षक वाचून भाकरी आठवली असेल तर माफ करा. सांगली-साताऱ्याकडं खर्डा म्हटलं की आधी मिरचीचाच आठवतो. मी म्हणतोय तो लिखाणाचा खर्डा, म्हणजे कच्चं लिखाण. त्यातला 'दुसरा खर्डा' शाळेत मी कधी चाखलाच नाही आणि त्याची किंमत नोकरीत मोजली.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एक डिझाइन डॉक्युमेंट लिहायला मिळालं. मॅनेजरनं ते तीनदा परत पाठवलं. गंमत बघा, कोड तीनदा बदलायला मला काहीच वाटत नव्हतं. पण लिहिलेला परिच्छेद पुन्हा लिही म्हटलं की अपमान वाटायचा! पुढं विचार केल्यावर कारण सापडलं. शाळेत निबंध एकदाच लिहायचा असतो. तो बाई तपासतात, लाल शाईत चुका येतात, चुकलेला शब्द पाच वेळा लिहायचा आणि वही बंद. पुन्हा लिहिणं ही शिक्षा असते. ती लिखाणाचीच एक पायरी आहे, हे कुणी सांगितलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत कॉम्प्युटर नव्हता का? होता की! चपला बाहेर काढायच्या, मशीनवर कव्हर, आठवड्याला एक तास आणि एका मशीनपुढं चौघं. पेंटमध्ये डोंगर आणि झोपडी काढायची, वर्डमध्ये स्वतःचं नाव टाइप करून त्याला रंग द्यायचा. संपला तास. त्याच यंत्रावर निबंध लिहिता येतो, हे आम्हाला आणि बहुतेक सरांनाही सुचलं नाही.

मला वाटतं, आपल्याकडं शाळेत कॉम्प्युटर दोन रूपांत आला. पहिलं रूप टायपिंग इन्स्टिट्यूटचं. आपल्याकडच्या प्रत्येक तालुक्याच्या गावात स्टँडजवळ एक तरी असायचीच. लिपिकाच्या नोकरीला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला, हे गणित घराघरात पाठ. यंत्र बदललं, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, पण काम तेच राहिलं : समोरचा मजकूर बघायचा आणि उतरवायचा. हे कौशल्य वाईट नाही, त्यावर कितीतरी घरं उभी राहिली. पण त्यात मजकूर नेहमी दुसऱ्याचा असतो.

दुसरं रूप टीव्हीचं. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि जिल्हा परिषदेच्या शाळा 'डिजिटल' करायची लाट आली. गावोगावी लोकवर्गणी निघाली, प्रोजेक्टर आणि पडदे लागले. गावानं पदरचे पैसे घालून शाळेसाठी काहीतरी केलं, याचं मला खरंच कौतुक आहे. पण पडद्यावर पोरं बघतात. लिहीत नाहीत.

आणि त्याच वेळी सातारा तालुक्यातलं कुमठे बीट राज्यभर गाजत होतं! विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद वर्गात उतरवून दाखवला. पोरं जमिनीवर बसून, खडे-काड्या-कार्डं हाताळत स्वतः शिकतायत, हे बघायला लांबलांबून शिक्षक यायचे. तिथली खरी जादू साहित्यात नव्हती. हात पोरांचे चालत होते, ही जादू होती. मग कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण हा धडा का विसरलो?

माझी आत्या कराड तालुक्यात शिक्षिका आहे. गेल्या हिवाळ्यात गावी गेलो होतो, तेव्हा एका शनिवारी जुना लॅपटॉप घेऊन तिच्या वर्गात जाऊन बसलो. सहावीचा वर्ग. एका पोराच्या वहीत निबंध होता, विषय गुऱ्हाळ. तीन वाक्यं. आमच्या गावात गुऱ्हाळ आहे, तिथे गूळ करतात, मला गूळ आवडतो. खाली बाईंची सही. विषय संपला!

त्याला लॅपटॉपसमोर बसवलं, बाजूला त्याचे दोन दोस्त. 'गुऱ्हाळ' टाइप करायलाच पाच मिनिटं गेली. पण ती वाया गेली नाहीत. इनस्क्रिप्ट कीबोर्ड वर्णमालेच्या शिस्तीनं बसवलाय. क ची कळ शिफ्टसकट दाबली की ख, त ची दाबली की थ. जोडाक्षर सहसा तयार मिळत नाही. अक्षर, हलंत, अक्षर असं जोडावं लागतं. म्हणजे 'ऱ्ह' साठी आधी शिफ्ट दाबून ऱ, मग हलंत, मग ह. पोरगं म्हणालं, "आयला, ह्येच्या पोटात ह हाय व्हय!" सहा वर्षं तो हे अक्षर चित्रासारखं काढत होता. आतलं मशीन त्याला त्या दिवशी दिसलं.

मग मी विचारलं, "गूळ झाला हे कळतं कसं रे?" झालं! चुलता गुळव्या आहे म्हणाला. काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटानं बघतो, गोळी झाली की उतरवायचं, जरा उशीर झाला तर माल गेला. "मग हे लिही की." त्यानं लिहिलं. सावकाश, एका बोटानं. आणि शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर त्यानं विचारलं, "दादा, चुलत्याचं सगळ्यात वर न्हेता येतंय का?"

माझ्या मते लिहायला शिकणं इथं सुरू होतं. वाक्य हलवता येतं, हे कळतं तेव्हा. वहीत हा प्रश्न त्याला पडलाच नसता, कारण वहीत उत्तर 'नाही' असंच आहे. सगळं पुन्हा लिहावं लागलं असतं आणि हात दुखला असता.

हे नुसतं माझं शनिवारचं कौतुक नाही. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेल्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. कॉम्प्युटरवर लिहिल्याचा परिणाम निघाला ०.५५, म्हणजे मध्यम आणि चांगला. पण लिखाण कसं आखायचं आणि सुधारायचं हे शिकवण्याचा ०.८२ आणि मुलांनी मिळून लिहिण्याचा ०.७५! म्हणजे यंत्र मदत करतं, पण बाई आणि दोस्त जास्त मदत करतात. नुसते लॅपटॉप वाटून काही होणार नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

आत्यानं दोन हरकती घेतल्या, दोन्ही खऱ्या. एक, "परीक्षा कागदावर आहे, हात वळला पाहिजे." कबूल. पहिली-दुसरीत पेन्सिलच हवी, आणि पुढंही पहिला खर्डा वहीतच असू दे. दोन, "अरे, मला किती माहिती ऑनलाइन भरायची असते, त्यात हे कधी करू?" याला माझ्याकडं चोख उत्तर नाही. एवढंच सुचतं की तिघांत एक मशीन, आठवड्याला एकच गट, महिन्याला एक लेख, आणि जो पूर्ण होईल तो छापून भित्तिपत्रकावर. तपासताना बाईंनी चुका मोजायच्या नाहीत, फक्त एक प्रश्न विचारायचा. "गूळ झाला हे कळतं कसं?" असला प्रश्न.

तिसरी हरकत माझीच आहे. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि आता 'गुऱ्हाळावर निबंध' म्हटलं की शुद्ध मराठीत तीनशे शब्द हजर. म्हणजे जुनं गाईडच, फक्त फुकट आणि झटपट. पोरांना कॉम्प्युटर फक्त बघायचं आणि उतरवायचं यंत्र म्हणून माहीत असेल, तर ती हेच उतरवतील आणि त्यात त्यांची काही चूक नसेल. पण स्वतःचं वाक्य एकदा वर नेऊन बघितलेल्या पोराला तयार निबंध जरा बेचव लागेल, अशी मला आशा आहे. त्या यंत्राला चुलत्याचं बोट माहीत नाही.

म्हणून वाटतं, गावानं पुढची वर्गणी काढली तर मोठा पडदा नको. चार जुने लॅपटॉप चालतील. आपल्या ऑफिसात असे किती धूळ खात पडलेत, बघा जरा सोमवारी.

निघताना मी फाइली पाहिल्या. पोरानं 'गुऱ्हाळ १', 'गुऱ्हाळ २', 'गुऱ्हाळ ३' अशी नावं दिली होती. मला जे चोविसाव्या वर्षी मॅनेजरच्या शिव्या खाऊन कळलं, ते त्याला सहावीतच कळलं होतं.

असो. आईनं खर्डा दिलाय डब्यातून, खऱ्या मिरचीचा. तो एकाच खर्ड्यात जमतो.