वरून धडधाकट, आत पोचट

न्यूजर्सी-पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या मंडळींना थंडीची चाहूल लागली की खिडकीत तपकिरी 'स्टिंक बग' भेटतोच. चिरडला की उग्र वास. कुणाला तो कोथिंबिरीसारखा वाटतो, आणि ते खोटं नाही. दोन्हींत सारखीच रसायनं असतात! पण ही नुसती घरातली कटकट समजू नका. पूर्व आशियातून आलेला हा किडा १९९८ मध्ये ॲलनटाउनला सापडला. मका चिकात असताना तो पानांवरूनच सोंड खुपसून दाण्याचा रस शोषतो. वरून कणीस धडधाकट, सोलल्यावर दाणे आकसलेले. कोकणात भाताच्या लोंब्यांवर गंधी ढेकण्या हेच करतो, गावी विचारून बघा.

तुर्कस्तान-इराणकडे याचाच भाऊबंद 'सन पेस्ट' गव्हाला टोचतो. त्याच्या लाळेनं ग्लूटेन बिघडतं, कणीक सैल पडते, पाव फुगत नाही. शेकडा चार-पाच दाणे टोचलेले असले तरी सगळा माल पावाला बाद. नुकसान शेतकऱ्याचं.

यावर सरसकट फवारणी आम्हाला पटत नाही. मक्याला झळ लागते ती बहुधा बांधाकडच्या ओळींना, मग औषध अख्ख्या शेतावर कशाला? शिवाय २०१४ मध्ये मेरीलँडला याच्या अंड्यांवर जगणारी इवलीशी आशियाई गांधीलमाशी आढळली. फवाऱ्यात तीही मरते.