बालपणीचे घाव आणि प्रौढांचे आजार

मधुमेह, हृदयविकार, नैराश्य यांची कारणे आपण सहसा प्रौढाच्या ताटात, कामात आणि स्वभावात शोधतो. त्याच्या बालपणाची चौकशी मात्र क्वचितच होते. गेल्या काही दशकांतील संशोधनाने ही चौकशी अपरिहार्य केली आहे, म्हणूनच आज आम्ही हा विषय वाचकांपुढे मांडत आहोत.

या संशोधनाचा उगम एका साध्या प्रश्नात आहे. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरी डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करीत असत. वजन उत्तम रीतीने घटत असतानाच अनेक रुग्ण उपचार सोडून जात. चौकशीअंती कळले की, त्यांतील कितीतरी जणांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाले होते. पुढे डॉ. रॉबर्ट आंडा यांच्या साहाय्याने १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करण्यात आली. घरातील मारहाण, अवहेलना, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, व्यसनी किंवा तुरुंगात असलेली घरची व्यक्ती असे प्रश्न त्यांना विचारले गेले. पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. असे ४ किंवा अधिक प्रकारचे अनुभव आलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, अमली पदार्थांचे सेवन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पटींनी अधिक आढळला. हृदयविकार आणि फुफ्फुसांचे जुनाट विकार यांच्याशीही या अनुभवांचा संबंध दिसून आला. विशेष म्हणजे, ही माणसे बहुतांशी सुशिक्षित, मध्यमवर्गीय होती. तेव्हा हा केवळ गरिबांच्या वस्तीतला प्रश्न आहे, असे म्हणून कोणालाही हात झटकता येणार नाहीत.

हे कसे घडते? संकट आले की मेंदूच्या इशाऱ्यावरून मूत्रपिंडांवरील अॅड्रिनल ग्रंथी अॅड्रिनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो. संकट टळल्यावर शरीर पूर्ववत होते. परंतु ज्या बालकाच्या घरीच संकट वस्तीला असते, त्याच्या शरीरातील ही धोक्याची घंटा सतत वाजत राहते. वर्षानुवर्षांच्या या ताणाने रक्तवाहिन्या, रोगप्रतिकारशक्ती आणि मेंदू झिजतात. काहींच्या बाबतीत तर ती घंटा पुढे बधिर होते, आवश्यक तेव्हाही पुरेशी वाजत नाही.

या बधिरतेचा पुरावा रोमानियाने दिला. हुकूमशहा चाउशेस्कू यांनी १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली. दारिद्र्यामुळे असंख्य मुले सरकारी बालगृहांत आली. १९८९ साली ती राजवट कोसळली तेव्हा तेथे १ लाखाहून अधिक मुले होती. अन्न मिळे, परंतु उचलून घेणारे हात नव्हते. २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात संशोधकांनी बुखारेस्ट येथील बालगृहांतील १३६ बालकांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने निवडून, संगोपन करणाऱ्या कुटुंबांत पाठवले. ही मुले सुमारे १२ वर्षांची झाल्यावर त्यांची तणावाची चाचणी घेण्यात आली. बालगृहाच्या वाट्याला आलेल्या मुलांची शरीरे तणावाला मंद प्रतिसाद देत होती. वयाच्या सुमारे दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांचा प्रतिसाद मात्र घरी वाढलेल्या मुलांसारखाच होता.

आमच्या मते सर्वांत मोलाचा धडा हाच आहे. बालपणीचा घाव म्हणजे ललाटलेख नव्हे. वर उल्लेखिलेले आकडे समूहाचे आहेत, कोणा एका व्यक्तीचे भविष्य ते सांगत नाहीत. मायेचे माणूस वेळेवर लाभले तर शरीर सावरते. विलंब झाला तर सावरणे कठीण होत जाते.

आपल्या देशाचे चित्र काय आहे? केंद्र सरकारच्या २००७ सालच्या अहवालासाठी महाराष्ट्र व गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. दर ३ मुलांपैकी २ मुलांनी शारीरिक छळ सोसल्याचे त्यातून उघड झाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील छडी बंद केली. परंतु घरातील पट्ट्याचे काय? ‘आम्हीही मार खाऊनच मोठे झालो’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी आपला रक्तदाब आणि आपला संताप यांचाही एकदा विचार करावा.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय आहे. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना निराधार मुलाला कुटुंबातच ठेवण्यासाठी दरमहा साहाय्य देते. २०२३ साली ही रक्कम १,१०० वरून २,२५० रुपये करण्यात आली. आपल्या व्रतस्थ भगिनींनी अनाथांसाठी वेचलेल्या आयुष्यांविषयी आम्हाला नितांत आदर आहे. तथापि उत्तमातील उत्तम बालगृहही कुटुंबाची जागा घेऊ शकत नाही, हे आता मान्य करावयास हवे.

म्हणूनच प्रत्येक धर्मग्रामात काही प्रश्न विचारले जावेत. आई-वडील गमावलेल्या आपल्या गावातील मुलापर्यंत ही योजना पोहोचली आहे काय? दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरातील लेकराला हक्काने जाता येईल असे एक तरी दार उघडे आहे काय? त्याला जवळ घेण्यास डॉक्टर असावे लागत नाही. मात्र उशीर होऊन चालणार नाही.