सीमा कोणाची, सुरक्षा कोणाची?



‘देश नवा आहे, सीमा धोक्यात आहे, म्हणून खडे सैन्य हवेच,’ हे आपण इतक्यांदा ऐकतो की ते तपासून पाहावे असे वाटतच नाही. म्हणून या वेळी मला अमेरिकेतला एक जुना वाद तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर, 1784 साली, तिथल्या काँग्रेसने जेमतेम 80 शिपाई ठेवून बाकीचे सैन्य मोडले. कायमची फौज लोकांच्याच उरावर बसते, हे त्यांनी ब्रिटिश राजवटीत पाहिले होते. 1787 च्या घटना परिषदेत एल्ब्रिज गेरी यांनी सैन्याच्या संख्येवर मर्यादा मागितली. ती नाकारली गेली. मात्र सैन्याचा खर्च एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीसाठी मंजूर करता येणार नाही, एवढे बंधन घटनेत आले.

4 नोव्हेंबर 1791 रोजी ओहायोच्या प्रदेशात मायामी, शॉनी आदी आदिवासींनी जनरल सेंट क्लेअरच्या फौजेचा धुव्वा उडवला. सहाशेहून जास्त सैनिक मेले, छावणीतल्या स्त्रियाही मेल्या. 1792 मध्ये काँग्रेसने सैन्य वाढवले.

पण वाद होता कशाचा? बंदूक पगारी शिपायाच्या हाती द्यायची की गावोगावच्या मिलिशियाच्या, एवढाच. जमीन कोणाची, हा प्रश्न बाजूलाच राहिला. त्या जमिनीवर मका पिकवत होत्या आदिवासी स्त्रिया. जून 1791 मध्ये केंटकीच्या स्वयंसेवक घोडेस्वारांनी वाबाश नदीकाठची गावे जाळली आणि 58 जणांना, मुख्यतः बायकामुलांना, धरून नेले. 1794 मध्ये जनरल वेनच्या शिस्तबद्ध सैन्याने मॉमी नदीकाठची मक्याची शेते उद्ध्वस्त केली. मिलिशिया असो की सैन्य, शेत बाईचेच गेले. 1795 च्या ग्रीनव्हिल तहात आजच्या ओहायोचा बहुतेक भागही गेला.

आपले प्रजासत्ताक आठ वर्षांचे असताना, 1958 साली, ईशान्य सीमाभागासाठी सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा झाला. 15 जुलै 2004 रोजी इंफाळच्या कांगला किल्ल्यापुढे मणिपुरी स्त्रियांना विवस्त्र होऊन जाब विचारावा लागला.

सैन्य हवे की नको, याचे उत्तर मी एका वाक्यात देणार नाही. पण ते ठरवताना आपण विचारलेच पाहिजे: ही सीमा कोणी आखली? तिथे आधीपासून राहणाऱ्या बाईला सुरक्षित कोणापासून व्हायचे आहे? आणि वर्दीतल्या माणसाने अत्याचार केला, तर तिने दाद कुठे मागायची? या प्रश्नांवाचून झालेली सुरक्षेची चर्चा अर्धीच असते.